वास्तुविद्या आणि हातांचें शिक्षण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला होता. तो वास्तुकला महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आला होता. येतांना त्यानें पुठ्ठ्याची एक प्रतिकृति बरोबर आणिली होती. खेड्यांतील एका लहानशा वाचनालयाची ती योजना होती. पुठ्ठा इतका स्वच्छ कापलेला आणि सांधे इतके नेमके जुळविलेले होते, कीं पाहणाऱ्यानें कौतुक करावें. वाचनालयाचीं दोन छपरें दोन्ही बाजूंनीं उतरत येऊन मध्यें एकमेकांस मिळत होतीं. लांबून पाहिलें असतां उघडून ठेवलेल्या पुस्तकाचा भास व्हावा, अशी त्यांत कल्पना होती. त्याच्या परीक्षकांनाही ती आवडली होती.

त्या दिवसांत शाळेच्या जुन्या इमारतीची शाकारणी चालली होती. आपले वृद्ध मिस्त्री पाणी पिण्याकरितां खालीं उतरले. त्यांनीं ती प्रतिकृति हात न लावतां चोहों बाजूंनीं वांकून पाहिली आणि एवढेंच विचारलें, "बाळ, मधलं पाणी कुठं जाणार?"

मध्यें पन्हळ ठेविली आहे, असें त्यानें सांगितलें.

"आणि पन्हळीत पाला साचला म्हणजे? तिथवर चढणार कोण, आणि पाय ठेवणार कशावर?"

ह्या प्रश्नास त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. पण मुलगा प्रामाणिक. तो रागावला नाहीं, किंवा तें बोलणें त्यानें हांसण्यावारीही नेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो जुने कपडे घालून आला, आणि पुढचे चार दिवस मिस्त्रींच्या हाताखालीं त्यानें कौलें उतरविलीं, फुटकीं वेगळीं काढलीं, कुजलेल्या रिपा बदलल्या. जातांना तो मला म्हणाला, "सर, दोन वर्षं मी कागदावर छपराचा उतार काढतो आहे; पण तो उतार म्हणजे काय, हे त्याच्यावर उभं राहिल्यावर कळलं." हें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं, म्हणून हा लेख लिहावयास बसलों आहें.

ह्या प्रसंगावरून महाविद्यालयांतील शिक्षण निरर्थक आणि मिस्त्रीचें ज्ञान तेवढें खरें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मला मान्य नाहीं. मिस्त्रींनीं आयुष्यभर कौलारू छपरें बांधलीं. पण वाचनालयांत उजेड कोणत्या बाजूनें यावा, लहान मुलें व वृद्ध माणसें एकाच खोलींत एकमेकांस अडथळा न होतां कशीं बसतील, हा विचार त्यांस कोणी करावयास सांगितला नव्हता. तो विचार ह्या मुलानें केला होता, व चांगला केला होता. माझें म्हणणें एवढेंच आहे, कीं वास्तुविद्या जेथें खरोखर शिकली जाते तें स्थान म्हणजे स्टुडिओ. परंतु स्टुडिओच्या चार भिंतींच्या आंत तें शिक्षण पुरें होत नाहीं. पदवी हातीं पडण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें एक तरी लहान वास्तु खऱ्या माणसाकरितां स्वतःच्या हातांनीं बांधिली पाहिजे. आणि त्यांत ज्या चुका होतील त्यांचा भार त्या घरांत राहणाऱ्यावर नव्हे, तर शिकविणाऱ्या संस्थेवर पडला पाहिजे.

ज्या वाचकांस ह्या शिक्षणाची माहिती नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा अवश्य आहे. आपल्या देशांत स्वतःस 'आर्किटेक्ट' म्हणवून घेण्यास १९७२ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी करावी लागते व त्यासाठीं पांच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. ह्या पांच वर्षांत इतर विषय पुष्कळ असतात. पण सर्वांचा कणा म्हणजे वास्तुरचना हा विषय, आणि तो स्टुडिओंत शिकविला जातो. स्टुडिओ म्हणजे मोठमोठीं मेजें मांडलेलें एक दालन. शिक्षक तेथें व्याख्यान देत नाहींत. ते एक प्रश्न देतात: अमुक एका जागेवर बालवाडी बांधावयाची आहे, किंवा एस्. टी. चा थांबा. ह्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें. चाळीस विद्यार्थी चाळीस उत्तरें काढतात. शिक्षक एकेका मेजापाशीं येऊन बसतात, पेन्सिल हातांत घेऊन विद्यार्थ्याच्याच नकाशावर रेघ ओढतात, 'येथें आई मुलाला सोडून वळली कीं तिला रस्ता दिसेल काय?' असें कांहीं तरी विचारतात, आणि पुढें जातात. अखेरीस नकाशे भिंतीवर टांगावयाचे, प्रतिकृति मेजावर मांडावयाची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, सर्व सोबत्यांच्या देखत, आपल्या योजनेचें समर्थन करावयाचें.

आम्ही हायस्कूलचे शिक्षक ह्यापासून पुष्कळ शिकूं शकूं. आमच्या वर्गांत चूक ही लपविण्याची वस्तु असते. वहींत तांबडी फुली पडली कीं मुलगा ती शेजाऱ्यास दिसूं नये म्हणून हात आडवा धरतो. स्टुडिओंत चूक भिंतीवर टांगलेली असते. एकाच्या चुकेपासून एकोणचाळीस जण शिकतात. आमच्या वर्गांत मुलगा ऐकतो व लक्षांत ठेवतो. स्टुडिओंत तो करतो, मोडतो व पुन्हां करतो. ज्ञान कानानें आंत जातें हें खरें, परंतु तें मुरतें तें हातांत. पोहण्यावरील दहा व्याख्यानें ऐकून कोणी विहिरींत उडी टाकीत नाहीं.

स्टुडिओचे दोषही सांगितले पाहिजेत. नकाशे द्यावयाच्या आदल्या रात्रीं जागरण करणें हें तेथें भूषण मानलें जातें. प्रतिकृतीचें साहित्य महाग असतें, आणि गरिबाच्या मुलाचा पुठ्ठा व श्रीमंताच्या मुलाचें सागवान शेजारीं शेजारीं मांडलें जातें. परीक्षकांपुढें बोलावयाचें तें बहुधा इंग्रजींत. तेव्हां ज्याची कल्पना मोठी पण भाषा अडखळती, तो मुलगा गप्प उभा राहतो, आणि ज्याची भाषा वाहती तो तरून जातो. परंतु ह्या सर्वांहून मोठा दोष निराळाच आहे. स्टुडिओंत जी इमारत काढतात ती कधींच बांधली जात नाहीं. तिच्यावर पाऊस पडत नाहीं, तिला वाळवी लागत नाहीं, तिच्या पायऱ्या कोणी वृद्ध स्त्री चढत नाहीं. हल्लीं तर नकाशे संगणकाच्या पडद्यावर काढतात. पडद्यावरची भिंत जन्मतःच ओळंब्यांत असते. तिला वजन नसतें, आणि ती चुकली तर एका बोटानें पुसली जाते. विटेची भिंत अशी पुसली जात नाहीं.

हें नेहमींच असें नव्हतें. फ्रान्समध्यें पॅरिसच्या ललितकला विद्यालयांत एकोणिसाव्या शतकांत जी पद्धति रूढ झाली तिचा सर्व भर रेखनावर होता हें खरें. ठरलेल्या घटकेस नकाशे गोळा करण्याकरितां हातगाडी फिरत असे व विद्यार्थी त्या गाडीबरोबर चालतां चालतां शेवटच्या रेघा ओढीत, अशी आख्यायिका आहे. त्या गाडीचें 'शारेट' हें फ्रेंच नांव घाईच्या अखेरच्या कामास जगभर अजून चालतें. परंतु आमच्या मुंबईंत आरंभ दगडापासून झाला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें १८५७ सालीं जी कलाशाळा निघाली, तींत १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग हे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आले, आणि तेथील विद्यार्थी प्रत्यक्ष इमारतींवरील कोरीव काम करूं लागले. पुढें १८७८ ते १८८८ च्या दरम्यान फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या योजनेप्रमाणें जें भव्य रेल्वे स्थानक बोरीबंदरास उभें राहिलें, ज्यास आज आपण छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतों व ज्याची गणना २००४ पासून जागतिक वारशांत होते, त्याच्या दगडी पानांफुलांत व पशुपक्ष्यांत ह्याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. रोज लाखों प्रवासी त्या कोरीव कामाखालून धांवतात. तो कोणा विद्यार्थ्याचा धडा होता, हें कोणाच्या ध्यानींमनींही नसतें.

जर्मनींत वायमार येथें १९१९ सालीं वॉल्टर ग्रोपियस यांनीं 'बौहाउस' नांवाची शाळा काढली, तेव्हां तिचें सूत्रच असें होतें, कीं कलावंत व वास्तुविशारद यांनीं पुन्हां कारागिरीकडे वळावें. वायमार येथें प्रत्येक कार्यशाळेस दोन गुरु असत: एक आकृतीचा, दुसरा कारागिरीचा. कल्पना उत्तम होती. पण कारागिरीच्या गुरूस आकृतीच्या गुरूइतका मान मिळाला नाहीं, हेंही नमूद करावयास पाहिजे. १९३३ सालीं नाझी अमदानींत ती शाळा बंद पडली. तिची शिकवण मात्र जगभर पसरली.

आतां ज्या प्रयोगाकडे वाचकांचें लक्ष मुख्यतः वेधावयाचें आहे, त्याकडे वळतों. अमेरिकेच्या दक्षिण भागांत अलाबामा नांवाचें संस्थान आहे. तेथील ऑबर्न विद्यापीठांतील सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ ह्या दोन प्राध्यापकांनीं १९९३ सालीं 'रूरल स्टुडिओ' म्हणजे ग्रामीण स्टुडिओ सुरू केला. हेल हा त्या संस्थानांतील एक अतिशय गरीब परगणा. पूर्वीं कापसाचे मळे व गुलामांची मजुरी, पुढें गुलामगिरी गेली तरी दारिद्र्य तसेंच, अशी त्या प्रदेशाची कहाणी आहे. मॉकबी यांनीं विद्यार्थ्यांस विद्यापीठांतून उचललें व ह्या परगण्यांत नेऊन ठेविलें. तेथें राहावयाचें, तेथील लोकांशीं बोलावयाचें, त्यांच्याकरितां घर योजावयाचें, आणि तें स्वतः बांधावयाचें, असा तो अभ्यासक्रम होता.

पहिलें घर १९९४ सालीं पुरें झालें. गळक्या खोपटांत नातवंडांसह राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्याकरितां तें बांधलें. त्याच्या भिंती वाळलेल्या गवताच्या दाबून बांधलेल्या भाऱ्यांच्या आहेत, व त्यांवर बाहेरून गिलावा आहे. गवताची जाड भिंत थंडी व उष्णता दोन्ही बाहेर ठेवते. समोर रुंद पडवी आहे, कारण त्या भागांत माणसांचा दिवस पडवींत जातो. त्याच आवारांत एका विद्यार्थ्यानें मांस धुरविण्याची एक खोली बांधली: फुटक्या काँक्रीटच्या तुकड्यांची भिंत, तींत उजेडाकरितां बसविलेल्या रंगीत बाटल्या, आणि रस्त्यावरील जुन्या पाट्यांचें छप्पर. तिला १४० डॉलर खर्च आला. पुढच्याच वर्षीं तीन विद्यार्थ्यांनीं मोटारींचे सुमारें १,००० जुने टायर मातीनें ठासून भरून त्यांचें एक प्रार्थनामंदिर उभें केलें. प्रभूच्या मंदिरास संगमरवरच पाहिजे असें मानणाऱ्या आपल्या मंडळींनीं ह्यावर थोडा विचार करण्यासारखें आहे.

मॉकबी २००१ सालीं वारले. काम थांबलें नाहीं. त्यांच्यामागून आलेले अँड्र्यू फ्रिअर यांनीं त्यास निराळें वळण दिलें. २००५ पासून स्टुडिओनें असा प्रश्न घेतला, कीं तुटपुंज्या सरकारी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास कर्ज काढून फेडतां येईल अशा २०,००० डॉलरांत, साहित्य व मजुरी धरून, नीटनेटकें घर होईल काय? हा प्रश्न टायरच्या भिंतीहून फार कठीण होता, कारण त्यांत चमत्काराला जागा नव्हती. एका तुकडीनें घर बांधावें, पुढच्या तुकडीनें त्याचे दोष पाहून दुसरें बांधावें, असें वर्षानुवर्षें चाललें. साहित्याचे भाव चढल्यावर ती रक्कम नांवापुरतीच उरली. पण घरें सुधारत गेलीं. आजवर ह्या स्टुडिओनें दोनशेंहून अधिक कामें पुरीं केलीं आहेत.

येथें एक आक्षेप घेतला जातो, व तो फार गंभीर आहे. गरिबाचें घर ही विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा काय? परीक्षा संपली कीं विद्यार्थी शहरास जाणार. त्याच्या कामाचीं छायाचित्रें मासिकांत येणार. आणि छप्पर गळूं लागलें कीं भांडीं मांडावयाचीं तीं त्या म्हातारीनें! धनवानाच्या बंगल्यावर कोणी असा प्रयोग करूं देईल काय? हा आक्षेप 'हेतु चांगला आहे' एवढ्या उत्तरानें उडवून देतां येत नाहीं. आम्हां मिशनच्या संस्थांतून वाढलेल्या लोकांस हें अधिक कळावें. कारण चांगल्या हेतूच्या नांवाखालीं दुबळ्यांस न विचारतां त्यांचें भलें करण्याचा दोष आमच्या संस्थांकडूनही घडलेला आहे.

माझें उत्तर असें आहे. वैद्यकीचा विद्यार्थीही शेवटीं जिवंत रोग्यावरच शिकतो; त्यास दुसरा मार्ग नाहीं. पण इस्पितळांत त्याच्या मागें अनुभवी डॉक्टर उभा असतो, रोग्याची संमति घेतली जाते, आणि चूक झाल्यास जबाबदारी इस्पितळाची असते. घराच्या बाबतींत हेंच पाहिजे. पहिलें, राहणाऱ्यास 'नको' म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे, व तो केवळ कागदावर नव्हे. दुसरें, शिक्षक बांधकामावर रोज हजर पाहिजे. तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें, संस्थेनें त्या ठिकाणीं टिकून राहिलें पाहिजे. रूरल स्टुडिओचा मला जो गुण सर्वांत मोठा वाटतो तो त्याच्या विचित्र भिंतींत नाहीं; तो ह्यांत आहे, कीं तीस वर्षांहून अधिक काळ तो त्याच परगण्यांत राहिला. काम अर्धें राहिलें तर कित्येक विद्यार्थी पदवी मिळाल्यानंतरही तें पुरें होईपर्यंत तेथेंच राहतात. बाजाराच्या वाटेवर ज्यांची भेट होते त्यांच्याकरितां घर बांधणें ही गोष्ट निराळी, आणि छायाचित्र घेऊन निघून जाणें निराळी. जो शिक्षक विद्यार्थ्यांस दहा दिवसांकरितां खेड्यांत नेतो, एक मंडप उभा करवितो व परत येतो, त्यानें स्टुडिओ खेड्यांत नेला असें मी म्हणणार नाहीं; त्यानें सहल नेली.

येल विद्यापीठाचें उदाहरणही सांगण्यासारखें आहे. चार्ल्स मूर यांच्या पुढाकारानें १९६७ सालीं तेथील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं केंटकींतील एका लहान वस्तीकरितां समाजगृह बांधलें, आणि तेव्हांपासून ही प्रथा चालू आहे. सर्वांनीं योजना करावयाच्या, त्यांतून एक निवडावयाची, आणि ती सर्वांनीं मिळून बांधावयाची. ह्यांत एक नीतिशिक्षण दडलेलें आहे. ज्याची योजना निवडली गेली नाहीं, त्यास दुसऱ्याच्या योजनेकरितां लांकडें कापावीं लागतात. स्वतःच्या कल्पनेकरितां घाम गाळणें सोपें असतें. सोबत्याच्या कल्पनेकरितां तितक्याच मनानें गाळणें, ही शिकवण कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं.

आणि आपल्या देशांत? बाळकृष्ण दोशी यांचें उदाहरण आपल्यास जवळचें आहे. त्यांचा जन्म १९२७ सालीं पुण्यास झाला. घरीं लांकूडसामानाचा धंदा होता, त्यामुळें लांकूड, रंधा व सांधा हीं त्यांनीं लहानपणींच पाहिलीं. मुंबईच्या कलाशाळेंत शिकून ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्यापाशीं काम करावयास गेले, आणि १९६२ सालीं त्यांनीं अहमदाबादेस वास्तुकलेची शाळा काढली. २०१८ सालीं प्रिट्झकर पारितोषिकाचा बहुमान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २०२३ सालीं ते निवर्तले.

दुसरें उदाहरण आपल्या ख्रिस्ती वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. लॉरी बेकर हे इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें वास्तुकला शिकलेले क्वेकर गृहस्थ. कुष्ठरोग्यांत काम करणाऱ्या मिशनतर्फें ते १९४५ सालीं हिंदुस्थानांत आले. येथील चिखल, वाळवी व पावसाळा ह्यांविषयीं त्यांच्या पदवीनें त्यांस कांहींच शिकविलें नव्हतें. तेव्हां त्यांनीं दुसऱ्यांदा विद्यार्थी होण्याचें ठरविलें. हिमालयांतील पिठोरागडास राहून पहाडी लोक दगड, माती व लांकूड ह्यांनीं घरें कशीं बांधतात हें त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. पुढें केरळांत जन्मभर स्वस्त व सुंदर घरें बांधलीं. विटा उभ्या कडेवर रचून मध्यें पोकळी ठेवण्याची जी बांधणी त्यांनीं लोकप्रिय केली, तींत सुमारें एक चतुर्थांश विटा वांचतात व घरही थंड राहतें. १९८९ सालीं ते भारताचे नागरिक झाले, आणि २००७ सालीं त्रिवेंद्रम येथें त्यांचा अंत झाला. गवंड्याशेजारीं उभें राहून, हातीं येईल त्या कागदाच्या कपट्यावर रेघा ओढीत, त्यांनीं घरें उभीं केलीं. त्यांचा स्टुडिओ बांधकामावरच असे.

आतां आपल्या स्वतःच्या घराकडे वळलें पाहिजे, कारण दुसऱ्यांच्या देशांचें कौतुक करणें सोपें आहे. आमच्या समाजांत लेखणी एका जातीच्या हातीं व थापी दुसऱ्या जातीच्या हातीं, अशी वांटणी शतकानुशतकें चालली. ज्याला मोजमाप कळे त्याला दगड उचलणें कमीपणाचें वाटे, आणि जो दगड घडवी त्याला अक्षर शिकूं देत नसत. माझे आजोबा दगड फोडीत. माझ्या वडिलांस मिशनच्या शाळेंत अक्षर मिळालें, आणि त्यांनीं मला छिन्नीस कधीं हात लावूं दिला नाहीं. ज्या हत्यारामुळें बापास अपमान सोसावा लागला तें मुलाच्या हातीं देऊं नये, असें त्यांस वाटलें, ह्यांत त्यांची कांहींच चूक नव्हती. तेव्हां 'मुलांनीं हातांनीं काम करावें' असें मी लिहितों, तेव्हां आमच्या कांहीं कुटुंबांस तें मागें ढकलण्यासारखें वाटेल, हें मी जाणतों.

परंतु जन्मानें लादलेली थापी आणि समजून उमजून उचललेली थापी ह्यांत गुलामगिरी व सेवा ह्यांइतकें अंतर आहे. म्हणूनच हें शिक्षण सर्वांना सारखें पाहिजे. गवंड्याच्या मुलानें नकाशा काढावा आणि कारकुनाच्या मुलानें चुना कालवावा. एकानेंच दोन्ही केलें, तरच ती जुनी वांटणी मोडेल.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा जो विद्यार्थी, तो आठवींत असतांना मधल्या सुटींत सदा मिस्त्रींच्या भोंवतीं घुटमळे. एकदां तास सुरू झाल्यावर तो उशीरां आला, हात मातीनें भरलेले. मीं खिडकींतून बाहेर बोट दाखवून सर्व वर्गासमोर म्हटलें, "अभ्यास केला नाहींस तर जन्मभर हेंच करावें लागेल." मिस्त्री खिडकीखालींच पायरी बसवीत होते. त्यांनीं मान वर केली नाहीं. पण त्यांनीं ऐकलें होतें हें मला ठाऊक आहे. मी त्या दिवशीं गणित शिकवीत होतों, आणि ती पायरी आजही पाणसळींत आहे. माझ्या शिकविण्याविषयीं तितकी खात्री मला देववत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत त्याच मिस्त्रींनीं त्याच मुलास तो प्रश्न विचारला, तेव्हां मला माझें वाक्य आठवलें. मीं त्यांची क्षमा मागितली. "त्यात काय, सर," एवढेंच ते म्हणाले, व शिडी चढून गेले.

ह्यावरून माझ्या तीन सूचना आहेत. वास्तुकला महाविद्यालयांस माझी विनंति अशी, कीं प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक तरी वस्तु पूर्ण मापाची बांधवून घ्यावी. ती घरच असली पाहिजे असें नाहीं. खेड्यांतील शाळेची मुतारी, दवाखान्याची पडवी, पाणवठ्याचा ओटा, काहींही चालेल. पण वापरणारें माणूस खरें पाहिजे, आणि एक पावसाळा गेल्यावर त्याच विद्यार्थ्यांनीं तेथें परत जाऊन काय गळलें, काय खचलें हें पाहून दुरुस्त केलें पाहिजे. गुण द्यावयाचे ते त्या दुरुस्तीनंतर. दुसरी सूचना अशी, कीं परीक्षकांच्या मंडळांत एक गवंडी किंवा सुतार बसवावा, त्यास इतर परीक्षकांइतकाच मेहनताना द्यावा, आणि तो असेल त्या दिवशीं बोलणें मराठींत व्हावें. असें झालें तर खेड्यांतून आलेल्या मुलाचीही जीभ मोकळी होईल.

तिसरी सूचना आपल्या शाळेकरितां आहे. आपल्या जुन्या इमारतीवरचीं कौलें मंगळुरी धाटणीचीं आहेत. अशीं कौलें प्रथम बासेल मिशनच्या मंगळूर येथील कारखान्यांत १८६५ सालीं निघूं लागलीं. धर्मोपदेश करावयास आलेल्या लोकांनीं माती मळून दाखविली, म्हणून आज कोंकणापासून मलबारपर्यंत घरें कोरडीं आहेत. त्या कौलांखालीं बसून शिकणाऱ्या मुलांनीं वर्षांतून एकदां तरी टेप घेऊन एक वर्ग मोजावा, त्याचा नकाशा काढावा, छपराचा उतार व पन्हळीचा ढाळ तपासावा, आणि मिस्त्रींच्या देखरेखीखालीं एखादी लहान दुरुस्ती करावी. भूमितींतील काटकोन गुण्यानें पाहिला, म्हणजे तो विसरला जात नाहीं. पुढें ह्यांतला एकही मुलगा किंवा मुलगी वास्तुविशारद झाली नाहीं तरी हरकत नाहीं. आपलें घर बांधणाऱ्या माणसाशीं तीं आदरानें बोलतील, एवढें झालें तरी पुष्कळ झालें.

विद्यार्थी मित्रहो, जुन्या करारांत बसालेल नांवाच्या एका कारागिराची हकीकत आहे. रानांत निवासमंडप उभारावयाचा होता, तेव्हां देवानें त्यास आपल्या आत्म्यानें भरलें असें तेथें सांगितलें आहे. आणि तें उपदेश करण्याकरितां नव्हे, तर सोनें, रुपें, दगड व लांकूड ह्यांवर काम करण्याकरितां. आणखी एक गोष्ट तेथें आहे, ती आम्हां शिक्षकांनीं विसरूं नये: दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही त्यास दिलेली होती. हातांचें कौशल्य व शिकविण्याची बुद्धि हीं दोन दानें त्या माणसाला एकत्र मिळालीं. आपण तीं वेगळीं केलीं.

त्या विद्यार्थ्याचें मागल्या महिन्यांत पत्र आलें. त्यानें वाचनालयाची योजना पुन्हां काढली आहे. छपरें आतां बाहेर उतरतात. पुस्तकाचा आकार गेला. नवी योजना पूर्वींइतकी ऐटदार दिसत नाहीं, असें तो स्वतःच लिहितो. वळचणीखालीं मात्र त्यानें एक लांब ओटा काढला आहे, पाऊस असतांना बाहेर बसून वाचावयास. सुटींत तो ती योजना मिस्त्रींस दाखवावयास आणणार आहे. ते आतां काय विचारतील, ह्याची त्याच्याइतकीच मलाही उत्सुकता आहे.